कोंबडा, ‘सुलताना’ बेट आणि खासगी टांकसाळींचं तांबं

तुम्ही पाठवलेल्या फोटोंत पाच तऱ्हेचं तांबं दिसतंय. एका लहान चकतीवर कोंबडा आणि मागे अरबी लिपी. दुसरीवर कंपनी सरकारच्या ढालीसारखं चित्र आणि इंग्रजीत ‘आयलंड ऑफ सुलताना’. मूठभर शिवराया. तराजू असलेला एक जाड, ओबडधोबड पैसा. आणि एक चकचकीत नाणं, पुढे हनुमान, मागे ‘ईस्ट इंडिया कंपनी १८१८’. पणजोबा बोटीवर सारंग होते, दाभोळच्या घराच्या माळ्यावर त्यांची पत्र्याची ट्रंक उघडली तेव्हा हे सगळं एका बटव्यात निघालं, असं तुम्ही लिहिलंय. आणि विचारलंय की यातली खरी कुठली, खोटी कुठली, भाव काय, आणि असल्या नाण्यांचा संग्रह करण्यात काही अर्थ आहे का.

‘खरं की खोटं’ हा प्रश्न सरकारी नाण्याला विचारायचा असतो. सरकारने पाडलं असेल तर खरं, दुसऱ्या कुणी पाडलं असेल तर खोटं, इतका तो सरळ आहे. खासगी तांब्याला तो विचारलात तर बहुतेक वेळा उत्तर चुकेल. तुमची कोंबड्याची चकती कुठल्याही सरकारने पाडलेली नाही, तरीही ती अस्सल आहे. हनुमानाचं नाणंही सरकारने पाडलेलं नाही, आणि त्याला जुनं नाणं म्हणून काडीची किंमत नाही. त्यामुळे मी दोनच गोष्टी बघतो: ते कुठल्या काळात पाडलं, आणि लोकांनी ते देण्याघेण्यात वापरलं की ते नुसतं विकण्यासाठी घडवलं. बाकीचं सगळं या दोन उत्तरांतून निघतं.

कोंबड्यापासून सुरुवात करू, कारण तुमच्या बटव्यातली सगळ्यात मजेदार चीज तीच आहे. याला जाणकार ‘सिंगापूर मर्चंट टोकन’ म्हणतात, म्हणजे व्यापाऱ्यांनी पाडलेली, नाण्यासारखी चालणारी चकती. एकोणिसाव्या शतकाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दशकापासून सिंगापूर झपाट्याने वाढलं, पण बाजारात सुट्या पैशांची टंचाई. मोठा व्यवहार स्पॅनिश डॉलरमध्ये चाले. मिरी, सुपारी, मासळी अशा किरकोळ खरेदीला तांबं लागे आणि ते पुरेसं नव्हतं. मग सिंगापूरच्या व्यापाऱ्यांनी थेट इंग्लंडमधून तांब्याच्या चकत्या पाडून मागवल्या, जहाजांतून उतरवल्या आणि मलायाचा किनारा ते सुमात्रा असा सगळा पट्टा त्यांनी भरून टाकला. यात नफा सरळ होता: चकतीत तांबं कमी, बाजारात मोल जास्त. केपिंग हे तिथलं तांब्याचं लहान नाणं; एका केपिंगचं टोकन दोन ग्रॅमच्या आसपास भरतं, बरीचशी त्याहून हलकीच. आणि हिशोब असा की सुमात्राच्या किनाऱ्यावर ४०० केपिंग म्हणजे एक स्पॅनिश डॉलर.

कोंबड्याच्या बाजूला अरबी लिपीत ‘तानाह मलायू’, म्हणजे मलय लोकांचा मुलूख, असं लिहिलेलं असतं; मागे ‘सातू केपिंग’, म्हणजे एक केपिंग, आणि हिजरी साल. सगळ्यात जास्त दिसणारं साल १२४७, म्हणजे इ.स. १८३१-३२. याच घराण्यातल्या दुसऱ्या टोकनांवर सेलांगोर, पेराक, मिनांगकाबाऊ अशा संस्थानांची नावं येतात. ती बघून माणूस फसतो आणि समजतो की त्या त्या सुलतानाने पाडलेलं नाणं आहे. सुलतानाचा त्याच्याशी काही संबंध नव्हता. गिऱ्हाइकाला ओळखीचं नाव दिसावं म्हणून व्यापाऱ्याने ते टाकलेलं.

आता ‘सुलताना’. १८०४ साली ईस्ट इंडिया कंपनीने आपल्या सुमात्रातल्या ठाण्यांसाठी तांब्याची नाणी पाडून घेतली होती. एका बाजूला कंपनीचं सिंहांनी धरलेलं चिन्ह, दुसऱ्या बाजूला मलय भाषेत किंमत आणि हिजरी १२१९. हे नाणं लोकांच्या सरावाचं होतं. व्यापाऱ्यांनी जवळजवळ तेच चित्र उचललं, सालही १८०४ आणि १२१९ हेच ठेवलं, आणि नाव मात्र ‘आयलंड ऑफ सुलताना’ असं टाकलं. या नावाचं बेट नकाशात शोधू नका, ते नाही. उद्या कुणी नकली नाणं पाडल्याचा आरोप केला तर म्हणायला मोकळं: आमचं नाणं कंपनीचं नाहीच, बघा काय लिहिलंय! शिवाय १८२४ च्या करारात इंग्रजांनी सुमात्रातली आपली ठाणी डचांना देऊन टाकली, त्यामुळे जुन्या नाण्याचा वारस कुणी उरलाच नव्हता. टोकनावरचं साल ते पाडल्याचं साल नव्हे, हे यातून लक्षात येईल. १८०४ लिहिलेलं ‘सुलताना’ प्रत्यक्षात वीस-तीस वर्षांनंतरचं आहे. नवे संग्राहक इथेच हमखास घसरतात, आणि विकणारेही ‘१८०४ चं कंपनीचं नाणं’ म्हणून ते खपवतात.

ही युक्ती व्यापाऱ्यांनी शोधलेली नाही. इंग्लंडातच ती आधी पिकली होती. अठराव्या शतकात तिथल्या सरकारी टांकसाळीला तांब्यात रस नव्हता; १७७५ नंतर वीसेक वर्षं तिने तांब्याचं चलन जवळपास पाडलंच नाही. कारखान्यांतल्या मजुरांना आठवड्याचा पगार द्यायला सुटे नाहीत. १७७१ मध्ये तांब्याच्या नाण्याची नक्कल करणं हा मोठा गुन्हा ठरला, पण तो हुबेहूब नकलेला लागू होत होता. मग लोकांनी राजाच्या डोक्याभोवतीची अक्षरं बदलली. राजासारखाच चेहरा, पण नाव भलतंच. वाचता न येणाऱ्या गिऱ्हाइकाला फरक कळायचा नाही, आणि वाचता येणारा वकील काही करू शकायचा नाही. या अर्ध्या पेन्या आज ‘इव्हेजन’, म्हणजे कायद्याला बगल, या नावाने स्वतंत्र गोळा केल्या जातात. त्यातल्या पुष्कळशा मुद्दाम अर्धवट आणि पुसट पाडलेल्या आहेत, म्हणजे नव्या असतानाच त्या झिजलेल्या दिसत.

त्याच काळात सरळ मार्गाने चालणारेही होते. वेल्सच्या अँगलसी बेटावरच्या पॅरिस माइन कंपनीने १७८७ मध्ये स्वतःच्या खाणीतल्या तांब्याची पेनी काढली. वर ड्रुइड साधूचं डोकं, वजन पूर्ण, आणि ठरलेल्या ठिकाणी ती बदलून मिळेल असं वचन. बघता बघता दुकानदार, गिरण्या, कालवे काढणारे सगळ्यांनी टोकनं पाडली. १७९७ मध्ये मॅथ्यू बोल्टनने बर्मिंगहॅमजवळच्या सोहो टांकसाळीत वाफेच्या यंत्रावर सरकारसाठी एक औंसाची पेनी पाडली, तेव्हा ही लाट ओसरली. सोहो हे नाव लक्षात ठेवा, कारण मुंबई इलाख्यासाठी १७९१ आणि १७९४ सालांचे तांब्याचे सुबक पैसे तिथेच पाडून आले होते. एका बाजूला कंपनीचं हृदयासारखं गाठोड्यांवरचं चिन्ह, दुसऱ्या बाजूला तराजू आणि त्याच्या पारड्यांमध्ये फारसीत ‘अदल’. न्यायाचा तराजू.

तुमच्या बटव्यातला तराजूचा पैसा मात्र सुबक नाही. चकती वेडीवाकडी, चिन्ह कडेबाहेर गेलेलं. म्हणून तो खासगी किंवा नकली ठरत नाही. मुंबई इलाख्यात सोहोच्या यंत्रावरच्या पैशांबरोबर देशी पद्धतीने, हातोड्याने पाडलेले असे जाडेभरडे पैसेही कंपनीनेच काढले. ते कंपनीचंच सरकारी तांबं आहे. कुरूपपणा हा नकलीपणाचा पुरावा नसतो, आणि सफाई हा अस्सलपणाचाही नसतो.

शिवराया. इथे आपल्या कोकणातली गोष्ट सुरू होते आणि माझ्या मते खरा संग्रह इथूनच सुरू करावा. एका बाजूला ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’ ही मांडणी शिवाजी महाराजांच्या काळातली. पण हे नाणं त्यानंतर दोन शतकं बाजारात राहिलं, इंग्रजी अमलातसुद्धा खेड्यापाड्यांत ते चालत होतं. एवढं नाणं एका सरकारी टांकसाळीतून निघालेलं नाही. पेशवाईत टांकसाळ चालवण्याचे परवाने खासगी माणसांना, बहुतेक सोनारांना, ठरावीक रक्कम घेऊन दिले जात. कोकणातल्या नागोठणे आणि रेवदंडा इथल्या लोकांना १७४४-४५ च्या सुमारास तांब्याचं नाणं पाडण्याचे असे परवाने मिळाले होते. परवाना असलेला पाडायचा, त्याला बघून नसलेलाही पाडायचा. हिणकस नाणी पाडतात म्हणून खासगी टांकसाळी बंद करण्याचे हुकूमही पुढे निघाले. ठसे कोरणाऱ्या प्रत्येकाला लिहिता येत होतंच असं नाही. त्यामुळे ‘राजा’चा ‘रजा’ होतो, ‘शिव’चा ‘सिव’, कधी ‘छत्रपति’मधलं एखादं अक्षर उलटं उमटतं, कधी ओळी वेगळ्या करणाऱ्या दोन आडव्या रेघाच तेवढ्या धडपणे दिसतात. या शेवटच्यांना दुदांडी म्हणतात.

सिंगापूरच्या व्यापाऱ्याने केलं तेच इथे नागोठण्याच्या परवानेदाराने केलं, फरक इतकाच की याला सरकारची चिठ्ठी होती आणि त्याला नव्हती. लोकांच्या सरावाचं चित्र घ्यायचं, शक्य तितकं कमी तांबं घालायचं, आणि बाजार स्वीकारेल एवढं साम्य राखायचं. तुमच्या शिवरायांची वजनं एकेक करून घ्या, ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा छोटा डिजिटल काटा मिळतो. एकाच मापाच्या वाटणाऱ्या दोन नाण्यांत दोन-तीन ग्रॅमचा फरक निघेल. तो झिजेचा असतो तसा टांकसाळवाल्याच्या हावेचाही असतो, आणि कुठला कितपत आहे हे अक्षरं किती उठावदार राहिली आहेत त्यावरून कळतं. अक्षरं ठसठशीत आणि वजन तरीही कमी, तर चकती मुळातच हलकी होती. संग्राहकाने याच्यामागे लागावं. एकाच ठशाची दोन नाणी हातात आली, ठशाला पडलेली तीच भेग दोन्हींवर दिसली, की आपण एका टांकसाळीजवळ पोचलो असं समजायचं. साध्या दुदांडी शिवराया अजून शे-दोनशे रुपयांत मिळतात, त्यामुळे मूठभर विकत घेऊन ठसे जुळवत बसणं कुणालाही परवडतं. दुर्मीळ एकच नाणं घेऊन ते चौकटीत लावण्यापेक्षा मला हे जास्त मोलाचं वाटतं.

एक सावधगिरी. गडांच्या पायथ्याशी आणि जत्रांत आता नवीन शिवराया आणि होन मिळतात. आठवण म्हणून घ्यायला काही हरकत नाही, पण त्याच शिवराया मातीत पुरून, रसायनात बुडवून जुन्या म्हणूनही येतात. ओतीव नकलेवर भिंगाखाली बारीक छिद्रं दिसतात, कडेवर साच्याची रेघ असते, अक्षरांच्या कोपऱ्यांत धार नसते. दाबून काढलेल्या नकलेत सगळी नाणी एकाच वजनाची आणि एकाच ठशाची. दहा पटीचं भिंग आणि काटा, यांच्यापुढे बहुतेक नकला टिकत नाहीत.

आता हनुमान. ‘ईस्ट इंडिया कंपनी’, ‘१८१८’, ‘हाफ ॲना’ किंवा ‘यूकेएल वन ॲना’, आणि राम दरबार, हनुमान, गणपती, कधी कमळ किंवा नुसता ॐ. कंपनीने असं तांब्याचं नाणं कधीही पाडलं नाही. कंपनीच्या नाण्यावर हिंदू देव नव्हतेच, असं मात्र सरसकट म्हणू नका. मद्रासच्या ‘पॅगोडा’ नावाच्या सोन्याच्या नाण्यांवर विष्णू आहे. पण ती दक्षिणेची जुनी पद्धत पुढे चालवलेली होती. इंग्रजीत कंपनीचं नाव, मराठी माणसाला आवडेल असा देव आणि त्याखाली आणे, हे तिन्ही एका तांब्यावर एकत्र आले की ती विकण्यासाठी घडवलेली वस्तू समजावी. १६१६ किंवा १७१७ सालं असलेलीही दिसतात. ‘यूकेएल’ ही अक्षरं तर कंपनीच्या एकाही नाण्यावर नाहीत. देवळांतून वाटायच्या रामटंक्यांची, म्हणजे देवाचं चित्र असलेल्या नाण्यासारख्या चकत्यांची, परंपरा आपल्याकडे जुनी आहे आणि ती वेगळी, अभ्यासण्यासारखी आहे. हे मात्र त्यातलं नाही. तुमच्या पणजोबांच्या ट्रंकेत ते होतं म्हणून बिचकू नका, ट्रंक नंतरही कितीदा उघडली गेली असेल. देवघरात ठेवायचं तर खुशाल ठेवा.

याच नाण्यावरून एक सांगायलाच हवं. कोकणात आणि घाटावरही ‘तांदूळ ओढणारं नाणं’ म्हणून याची फसवणूक चालते. आधी कुणीतरी येऊन सांगतो की तुमच्याकडे असं नाणं असेल तर परदेशी कंपनी कोट्यवधी देईल. मग तपासणीसाठी शास्त्रज्ञ येणार, त्यांची फी, खास कपड्यांचे पैसे, प्रवास, हे सगळं तुमच्याकडून. तांदूळ चिकटवायची हातचलाखी दाखवतात. तांबं तांदळाला ओढत नाही. या प्रकारात घरं विकलेली माणसं आहेत. कुणी आलंच तर पोलीस चौकी गाठा.

बाहेरच्या टोकनांचाही संग्रह करायचा तर मी तुम्हाला एकाच धाग्याने बांधायला सांगेन: अधिकृत नाण्यासारखं दिसणारं, पण अधिकृत नसलेलं तांबं. अमेरिकेची टोकनं त्यात छान बसतात. १८३७ च्या मंदीत तिथे सेंटसारखी तांब्याची टोकनं निघाली. त्यांच्या एका बाजूला मध्यभागी ठळक ‘वन सेंट’ आणि त्याच्या डोक्यावर बारीक अक्षरांत ‘नॉट’. वरच्या ओळीबरोबर वाचलं तर ती जुनी देशभक्तीची घोषणा आहे: संरक्षणासाठी लाखो देऊ, खंडणी म्हणून एक सेंटही नाही. घाईत बघितलं तर सेंट. ‘सुलताना’चीच ही युक्ती, पण जास्त हुशारीने केलेली. यादवी युद्धाच्या काळात पुन्हा सुटे गायब झाले आणि दुकानदारांनी हजारो प्रकारची टोकनं काढली. न्यूयॉर्कच्या लिंडनम्युलर नावाच्या मद्यगृहवाल्याने लाखोंनी पाडली. एका ट्राम कंपनीने ती गोळा करून पैसे मागितले तेव्हा त्याने सरळ हात वर केले. १८६४ मध्ये कायदा करून खासगी नाणी बंद करण्यात आली. खासगी पैशाची खरी परीक्षा नेहमी परत बदलून द्यायच्या वेळी होते, आणि पॅरिस माइनच्या टोकनाला आजही मान आहे तो त्यामुळेच.

भावाचं विचारलंत. कोंबड्याचं साधं टोकन पुष्कळ आहे, हजार-दोन हजारांच्या आतबाहेर मिळून जातं. ‘सुलताना’ त्याहून कमी दिसतं, पण लाखाच्या गोष्टी कुणी करत असेल तर ऐकू नका. पणजोबांनी ते सिंगापुराहून आणलं असावं, ही कथा लिहून ठेवा, ट्रंकेचा फोटोही ठेवा. रत्नागिरीच्या किनाऱ्यावरून मुंबईच्या गोदीत आणि तिथून परदेशी बोटींवर गेलेले खलाशी पिढ्यान्‌पिढ्या होते, त्यामुळे ती शक्य कोटीतली आहे. पण पुरावा म्हणून ती मांडू नका. त्यांच्या काळात हे टोकन चलनातून कधीच गेलेलं होतं. सिंगापूर, पेनांग, मलाक्का या ‘स्ट्रेट्स’ वसाहतींसाठी कंपनीचे स्वतःचे सेंट १८४५ सालापासूनचे आहेत. त्यांनी ते एखाद्या बंदरात मौज म्हणून उचललं असेल.

आणि कृपा करून काहीही धुऊ नका. आपल्याकडे तांब्याची भांडी चिंचेने, सोलांनी, नाहीतर पावडरने लखलखीत करायची सवय इतकी मुरलेली आहे की नाणं हातात येताच घरातलं कुणीतरी आगळ घेऊन बसतं. आम्लाने तांब्याचा वरचा थर जातो, त्याबरोबर काळाने चढलेला रंग जातो, आणि नाण्याची निम्म्याहून अधिक किंमत मोरीत वाहून जाते. माती असेल तर डिस्टिल्ड वॉटरमध्ये भिजवून ठेवा, पाणी रोज बदला, मऊ कापडाने टिपून वाळवा, चोळू नका. तेलकट थर असेल तर ॲसिटोन, उघड्या हवेत, विस्तवापासून लांब. काळपट, तपकिरी, गुळगुळीत हिरवा थर हा नाण्याचा मित्र आहे. मात्र फिकट हिरवी, पिठासारखी झडणारी पूड दिसली तर ते नाणं लगेच बाकीच्यांपासून वेगळं करा. तो साधा कळंक नव्हे. समुद्राच्या हवेतला क्षार तांब्याला आतून खातो आणि ओल मिळाली की पसरत जातो. कोकणात पावसाळ्याचे चार महिने हा खरा शत्रू. हवाबंद डबा, त्यात सिलिका जेलच्या पुड्या, गौरी-गणपतीनंतर एकदा सगळी नाणी उघडून बघायची. मऊ, वास येणाऱ्या प्लॅस्टिकच्या पाकिटांचे अल्बम तर अजिबात वापरू नका, त्यांतून सुटणाऱ्या रसायनाने तांब्यावर चिकट हिरवा थर धरतो.

कायद्याचंही थोडं. घरातल्या ट्रंकेतलं तुमचं आहे. उद्या परसात खणताना हंडी लागली तर गोष्ट वेगळी. जमिनीत पुरलेलं मूल्यवान काही सापडलं की १८७८ च्या कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. आणि शंभर वर्षांपेक्षा जुनं नाणं खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही, १९७२ चा पुरावशेष कायदा आड येतो. परदेशी गिऱ्हाईक मिळालं तरी टपालाने पाठवू नका.

शिकायला मुंबईत फोर्टमध्ये रिझर्व्ह बँकेचं नाण्यांचं संग्रहालय आहे, नाशिकजवळ अंजनेरीला नाणेशास्त्राची संशोधन संस्था आहे. पुण्याच्या जुन्या बाजारात आणि मुंबईच्या चोर बाजारात शिवराया भरपूर मिळतात, पण नवीन असताना तिथे आधी नुसतं बघायला जा. गावाकडे तांबट आणि भंगारवाले यांच्याशी ओळख ठेवा. किलोवर घेतलेल्या फुटक्या घागरींच्या तांब्यात कधीकधी शिवराया येतात आणि मुशीत जातात. वितळवण्याआधी दाखव, एवढं सांगून ठेवलं तर तो दाखवतो. सिंगापूरच्या टोकनांसाठी मात्र लिलाव आणि नाणे प्रदर्शनं हाच रस्ता.

पुढच्या वेळी फोटो पाठवाल तेव्हा दोन्ही बाजूंचे, एका बाजूने तिरका उजेड टाकून, शेजारी वजन लिहून पाठवा. कोंबड्याच्या मागचं साल तुम्ही स्वतः वाचू शकाल: अरबी आकड्यांत एक म्हणजे उभी रेघ, दोन म्हणजे वर आकडी असलेली रेघ, चार म्हणजे उलटा ३, सात म्हणजे इंग्रजी ‘व्ही’. अरबी आकडेही डावीकडून उजवीकडेच वाचायचे. १२४७ निघालं तर नेहमीचं. दुसरं काही निघालं तर आधी तोच फोटो पाठवा.